लांब हाताच्या यंत्राची सुई

सुई ही वस्तू इतकी लहान आणि इतकी स्वस्त आहे, की तिच्यावर एक सबंध व्याख्यान खर्ची घालावे हे पुष्कळांना गमतीचे वाटेल. आपल्याकडे घरोघर शिवणयंत्रे आहेत. पण सुई मोडली म्हणजे आपण दुकानात जाऊन ‘मशीनची सुई द्या’ एवढेच म्हणतो. दुकानदार बहुधा सोळा नंबरची पुडी पुढे सरकवतो आणि व्यवहार तेथेच संपतो. त्याच सुईने ब्लाउज शिवला जातो, पडदा शिवला जातो आणि दप्तराचा तुटलेला बंदही शिवला जातो. काम भागते, म्हणून प्रश्न पडत नाही. जेथे काम असे भागत नाही, तेथे पाहिले म्हणजेच सुईची खरी योग्यता कळते. अमेरिकेत रजया शिवण्यासाठी एक मोठे यंत्र वापरतात. त्याला तिकडे ‘लाँगआर्म’, म्हणजे लांब हाताचे यंत्र, असे नाव आहे. त्या यंत्रासाठी सुई कोणती निवडावी, आणि तीच का निवडावी, हा या लेखाचा विषय आहे.

प्रथम त्या रजईची ओळख करून घेऊ. आपली गोधडी आपल्याला ठाऊक आहे. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक अंथरायचे आणि हातसुईने धावदोरा घालून ते एकजीव करायचे. अमेरिकेतील क्विल्ट ही तिची लांबची बहीणच म्हणावी. तिला तीन थर असतात. वर रंगीबेरंगी तुकडे जोडून केलेला दर्शनी थर, मध्ये कापसाचे, लोकरीचे किंवा कृत्रिम तंतूंचे भरण आणि खाली अस्तर. हे तिन्ही थर टाक्यांनी एकत्र बांधणे म्हणजे क्विल्ट करणे. पूर्वी शेजारणी लाकडी चौकटीभोवती बसून हे काम हातांनी करीत. यंत्रावरचे काम हलक्या दर्जाचे, अशी समजूत तेथे पुष्कळ वर्षे होती. केंटकी राज्यातील पदुका या गावी अमेरिकन क्विल्टर्स सोसायटीचे मोठे प्रदर्शन भरते. १९८९ साली तेथील सर्वोच्च बक्षीस कॅरिल ब्रायर फॅलर्ट यांच्या यंत्रावर टाके घातलेल्या क्विल्टला मिळाले, आणि त्या समजुतीला पहिला मोठा धक्का बसला. लांब हाताची यंत्रे मिसूरी, आयोवा या राज्यांतील कारखान्यांतून त्याच दशकात पुढे येऊ लागली होती.

या यंत्राची रचना घरच्या यंत्राच्या अगदी उलट असते. घरच्या यंत्रात यंत्र एका जागी असते आणि कापड सरकते. येथे कापड दहाबारा फूट लांबीच्या चौकटीवर रुळांना गुंडाळून ताणलेले असते आणि यंत्रच त्यावरून चाकांवर फिरते. शिवणारी बाई त्याच्या मुठी धरून, पाटीवर पेन्सिल फिरवावी तशी, वेलबुट्टी काढीत जाते. आता महत्त्वाची गोष्ट अशी, की पुष्कळदा तुकडे जोडणारी बाई वेगळी असते आणि हे यंत्र चालवणारी वेगळी. यंत्र महाग आणि जागा फार खाणारे; म्हणून ज्यांच्याकडे ते आहे त्या इतरांच्या क्विल्ट मजुरीने शिवून देतात. सहा महिने खपून जोडलेला दर्शनी थर एक बाई दुसरीच्या हाती विश्वासाने सोपवते. त्या विश्वासाचे ओझे शेवटी एक मिलिमीटर जाडीच्या सुईवर येऊन पडते, असे आम्ही म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

सुई कशी निवडावी हे समजण्यासाठी ती काम कसे करते हे आधी समजले पाहिजे. हातसुईचे नेढे मागच्या टोकाला असते, यंत्राच्या सुईचे नेढे अणीजवळ असते. शिवणयंत्राच्या इतिहासातली ही मोठी युक्ती आहे. अमेरिकेत वॉल्टर हंट याने १८३० नंतरच्या दशकात अशा सुईचे यंत्र केले होते, आणि इलायस हाउ याने १८४६ साली आपल्या यंत्राचे पेटंट मिळवले. नेढे अणीशी आणल्यामुळे सबंध सुई कापडातून पलीकडे जाण्याची गरज उरली नाही. ती अर्धीमुर्धी खाली जाते, दोरा पोचवते आणि आल्या वाटेने परत येते.

यंत्राची सुई हातात घेऊन उजेडात नीट पाहावी. वरच्या जाड भागाला आपण दांडा म्हणू आणि खालच्या बारीक भागाला काडी म्हणू. काडीच्या एका अंगाला वरपासून नेढ्यापर्यंत एक लांब पन्हळ असते. दुसऱ्या अंगाला नेढ्याच्या किंचित वर थोडे खरवडल्यासारखी एक खोबण असते. सुई खाली जाताना दोरा पन्हळीत दडून बसतो, म्हणून तो कापडावर घासत नाही. सुई तळ गाठून दोन-अडीच मिलिमीटर वर उचलली, की खोबणीच्या अंगाचा दोरा कापडाच्या पकडीमुळे मागे राहतो आणि त्याचा एक छोटा फासा होतो. त्याच क्षणी खालच्या फिरत्या हुकाचे टोक खोबणीतून येऊन तो फासा पकडते आणि बॉबिनभोवती फिरवते. वरचा आणि खालचा दोरा एकमेकांत अडकतात आणि टाका पुरा होतो. फासा झाला नाही, किंवा हुक येण्याच्या वेळी तो जागेवर नसला, तर टाका सुटतो. सुईविषयीच्या बहुतेक सगळ्या तक्रारींचे मूळ या एका फाशात आहे.

आता लांब हाताच्या यंत्राला वेगळी सुई का लागते, ते पाहा. घरच्या यंत्रातले दाते कापड पुढे ढकलतात ते सुई कापडाबाहेर असताना. सुई कापडात शिरली, की कापड थांबते. लांब हाताच्या यंत्रात हा विसावा नाही. सुई तीन थरांत रुतलेली असतानाही शिवणारीचा हात यंत्र पुढे नेतच असतो. म्हणून प्रत्येक टाक्याला सुई थोडी वाकते. कधी डावीकडे, कधी उजवीकडे, कधी मागे, जशी वेलबुट्टी वळेल तशी. वाकलेल्या सुईचा फासा हुकापासून दूर जातो किंवा सुईच हुकावर घासते. हात फारच घाईचा असला तर अणी खालच्या पट्टीच्या भोकाच्या काठावर आपटते आणि सुई मोडते. म्हणून या यंत्राची सुई घरच्या सुईपेक्षा ताठ असावी लागते. ग्रोझ-बेकर्ट या जर्मन कंपनीच्या ‘एमआर’ नावाच्या सुया याच हेतूने केलेल्या आहेत. सर्व दिशांनी ताण आला तरी कमी वाकावे, अशी त्यांच्या काडीची घडण असते. अमेरिकेत या यंत्रांवर त्या फार वापरल्या जातात.

सुईच्या पाकिटावर दोन प्रकारची माहिती असते आणि त्यांची गल्लत करू नये. पहिली माहिती सुईच्या जातीची, म्हणजे ती कोणत्या यंत्रात बसते याची. घरच्या यंत्राच्या सुईचा दांडा एका बाजूने चपटा असतो. तिच्या जातीला १३०/७०५ म्हणतात. लांब हाताच्या बहुतेक यंत्रांत १३४ जातीची सुई लागते; तिचा दांडा पूर्ण गोल असतो. एकीची सुई दुसरीत चालत नाही. आपल्या यंत्राला कोणती जात लागते हे यंत्राच्या पुस्तिकेत पाहावे. तेथे तर्क चालवू नये.

दुसरी माहिती जाडीची. पाकिटावर ९०/१४, १००/१६, ११०/१८ असे जोडआकडे दिसतात. पहिला आकडा मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत काडीची जाडी सांगतो. ९० म्हणजे ०.९० मिलिमीटर, ११० म्हणजे १.१० मिलिमीटर. दुसरा आकडा जुन्या पद्धतीचा, आपल्या दुकानदाराच्या तोंडी असलेला. एमआर सुयांवर आणखी तिसराच आकडा असतो: ३.५ म्हणजे सोळा नंबर, ४.० म्हणजे अठरा नंबर. तिन्ही आकडे वाढत गेले, की सुई जाड होत जाते, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुरे.

जाडी कोणती घ्यावी? येथे पुष्कळजणी कापडाकडे पाहून सुई निवडतात. आमच्या मते क्रम उलटा हवा: आधी दोरा, मग कापड. कारण सुईच्या नेढ्याचा सर्वांत अधिक संबंध येतो तो दोऱ्याशी. एक छोटा हिशेब करून पाहा. बॉबिनभोवती फासा फिरवण्यासाठी दर टाक्याला काही सेंटिमीटर दोरा नेढ्यातून खाली ओढला जातो आणि लगेच वर खेचला जातो. टाक्यात प्रत्यक्ष खर्च होतो तो जेमतेम पाव सेंटिमीटरभर. अर्थात दोऱ्याचा प्रत्येक भाग टाक्यात जाऊन बसण्यापूर्वी वीस-तीस वेळा तरी नेढ्यातून ये-जा करतो. नेढे अरुंद असेल तर एवढ्या घासण्याने दोऱ्याचे पीळ उलगडतात, त्याची लव निघते आणि शेवटी तो तुटतो. नेढे फार मोठे असले, तर सुईही तेवढीच जाड असते. मग भोक मोठे पडते आणि बारीक दोरा ते भरून काढू शकत नाही.

दोऱ्याची जाडी ओळखण्याची सरळ रीत म्हणजे टेक्स. एक हजार मीटर दोऱ्याचे वजन जितके ग्रॅम, तितके त्याचे टेक्स. आकडा मोठा तर दोरा जाड. रिळावर पुष्कळदा ‘४० वेट’, ‘५० वेट’ असे लिहिलेले असते. त्यात मात्र आकडा मोठा तर दोरा बारीक, हा उलटा हिशेब लक्षात ठेवावा. क्विल्टच्या नेहमीच्या, म्हणजे तीस-चाळीस टेक्सच्या आसपासच्या दोऱ्याला सोळा किंवा अठरा नंबरची सुई योग्य होते. त्याहून बारीक दोऱ्याला चौदा नंबर घ्यावी. जाड, उठावदार सुती दोऱ्याला अठराच्याही पुढे जावे. जरीसारखा चमकता धातूचा दोरा दिसायला बारीक असतो, पण तो लवकर सोलवटतो. त्यालाही मोठ्या नेढ्याची सुई द्यावी.

आकडे विसरले तरी हरकत नाही, कारण याची एक घरगुती परीक्षा आहे. हातभर दोरा सुईत ओवावा. दोन्ही हातांनी तो ताणून एक टोक उंच आणि एक टोक खाली, असा तिरपा धरावा. सुई आपल्या वजनाने गरगरत खाली घसरली, तर नेढे बरोबर आहे. मध्येच अडकून बसली, तर नेढे लहान आहे. एक नंबर वरची सुई घ्यावी. या परीक्षेला अर्धा मिनिट लागतो आणि दिवसभराचा मनस्ताप वाचतो.

दोऱ्याचे समाधान झाले म्हणजे कापडाकडे वळावे. कापड सुईची अणी ठरवते. अणीचे मुख्य प्रकार दोन. एक तीक्ष्ण, एक गोलसर. तीक्ष्ण अणी विणीतून सरळ वाट काढते. साध्या विणीच्या सुती कापडाला ती चांगली, कारण टाक्यांची ओळ सरळ येते. जावातून जगभर पसरलेले बाटिक अमेरिकेत क्विल्टसाठी फार वापरतात. त्याची वीण इतकी घट्ट असते की प्रत्येक भोक डोळ्यांत भरते. तेथे दोऱ्याला सोसेल तितकी बारीक आणि तीक्ष्ण सुई हवी. गोलसर अणी धागा तोडत नाही, त्याला बाजूला सारते. गंजिफ्रॉकासारख्या विणलेल्या कापडात धाग्यांचे फासे एकमेकांत गुंफलेले असतात. त्यातला एक फासा तुटला, तर ओळच्या ओळ उसवत जाते. अशा कापडाला गोलसर अणीच द्यावी.

या भेदाचे महत्त्व केव्हा कळते ते सांगतो. अमेरिकेत गेलेल्या माणसाच्या टी-शर्टांची क्विल्ट करून घेण्याची चाल आहे. मुलाच्या शाळेचे, खेळाच्या चमूचे, प्रवासातले शर्ट कापून जोडतात आणि शिवायला देतात. आपल्याकडे आजीच्या लुगड्याची गोधडी नातवंडासाठी करतात, त्यातलीच ही माया. असे कापड दुसरे मिळत नाही. साधे कापड खराब झाले तर दुकानातून वारभर आणता येते. येथे दुकान नाही. त्या कामावर काल चढवलेली तीक्ष्ण सुई तशीच राहिली आणि फासे तुटले, तर पैसे परत देऊन भरपाई होत नाही.

निवडलेली सुईही कायम चांगली राहत नाही. दर मिनिटाला पंधराशे टाके घालणारे यंत्र तासाला नव्वद हजार टाके घालते. आठ तास सलग चालले, तर सात लाख वीस हजार वेळा ती अणी तीन थरांतून गेली. म्हणून आठ तासांच्या शिवणीनंतर, किंवा प्रत्येक नव्या क्विल्टच्या आरंभी, सुई बदलण्याचा प्रघात तेथे आहे आणि तो शहाणपणाचा आहे. टायटेनियम नायट्राइडचा सोनेरी लेप दिलेल्या सुया अधिक टिकतात, कारण तो लेप अतिशय कठीण असतो. पण लेपामुळे चुकीच्या नंबराची सुई बरोबर होत नाही. झिजलेल्या सुईची खूण कानाला आधी कळते. कापडात शिरताना तिचा ठकठक असा बोथट आवाज येऊ लागतो. मग भरणाचे पांढरे तंतू गडद कापडातून बाहेर ओढले जाऊ लागतात. शंका आली तर अणी नायलॉनच्या पायमोज्यावरून हलकेच ओढावी. धागा अडकला, तर टोकाला कंगोरा आला आहे. ती सुई टाकून द्यावी.

योग्य सुई चुकीची बसवली तर तीही अयोग्यच ठरते. घरच्या यंत्रात चपट्या बाजूमुळे सुई उलटी बसत नाही. गोल दांड्याची सुई मात्र कशीही फिरते, म्हणून तिची दिशा आपणच सांभाळावी लागते. खोबण नेहमी हुकाच्या बाजूला आणि पन्हळ त्याच्या विरुद्ध बाजूला हवी. सुई अगदी वरपर्यंत सारावी, नेढ्यात एक बारीक टाचणी घालून ती सरळ आहे की तिरपी ते पाहावे आणि मगच स्क्रू आवळावा. आणखी एक गोष्ट. हुक आणि सुई यांच्यात कागदाच्या जाडीएवढेच अंतर ठेवलेले असते. सोळाच्या जागी एकदम एकवीस नंबर घातली, तर ती हुकावर घासेल. जाड सुईसाठी लावलेल्या यंत्रात बारीक सुई घातली, तर हुकाला फासा सापडणार नाही. नंबरात मोठी उडी घेतली, की हे अंतर तपासून घ्यावे.

काम बिघडले म्हणजे घाबरून एकदम चार स्क्रू फिरवू नयेत. दोरा सोलवटून तुटतो आहे काय? नेढे लहान आहे, किंवा आतून खरबरीत झाले आहे. टाके सुटतात काय? सुई वाकली आहे, उलटी बसली आहे किंवा कापडाच्या मानाने बारीक आहे. यंत्र एकाच दिशेने नेताना दोरा तुटतो काय? सुई थोडी फिरली आहे, किंवा हात यंत्राच्या गतीपेक्षा पुढे धावतो आहे. भोके उघडी दिसतात काय? सुई दोऱ्याच्या मानाने जाड आहे. प्रत्येक वेळी प्रथम सुई बदलावी, कारण तो सर्वांत स्वस्त उपाय आहे, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. चौकटीवर चढवताना अस्तर चारी बाजूंनी तीन-चार इंच अधिक ठेवतात. त्या पट्टीवर, तेच भरण आणि तोच दोरा घेऊन, आधी टाके घालून पाहावेत. दुसरीच्या कष्टांवर प्रयोग करू नये.

सुई मोडलीच, तर मोडलेले सगळे तुकडे मोजून हाती येईपर्यंत काम पुढे नेऊ नये. क्विल्ट अंगावर घ्यायची असते; तिच्या भरणात राहिलेले पोलादाचे टोक पुढे कोणत्या बाळाला टोचेल, याचा नेम नाही. याच कारणासाठी शिवताना डोळ्यांवर चष्मा असलेला बरा.

हे सारे सातासमुद्रापलीकडच्या यंत्राचे झाले. त्यातून आपल्याला काय घेता येईल? लांब हाताचे यंत्र आपल्या घरात नसले, तरी घरच्या यंत्रावर गोधडी किंवा दुपटे शिवणाऱ्या पुष्कळजणी आहेत. त्यांनाही हाच क्रम उपयोगी आहे: आधी दोरा, मग कापड, मग अणी. दोनतीन थरांच्या सुती दुपट्याला साध्या दोऱ्याने चौदा नंबर, थर वाढले तर सोळा. जुन्या लुगड्याचे सूत झिजून मऊ झालेले असते. त्यातून बोथट सुई घातली तर ते फाटत जाते. म्हणून त्याला नवीन सुई आणि थोडे लांब टाके द्यावेत. नव्या सुईची किंमत किती, असा प्रश्न पडला तर त्या लुगड्याची किंमत किती, हा प्रश्न आधी विचारावा.

रजईकडे पाहणाऱ्याला रंग दिसतात, वेलबुट्टी दिसते, फार तर दोरा दिसतो. सुई कोणालाच दिसत नाही. ती बरोबर निवडली होती की नाही, हे पाचपन्नास धुण्यांनंतर कळते. भोके मिटलेली असतात, दोरा जागेवर असतो आणि थर एकमेकांना सोडत नाहीत. जिने शिवली तिचे नाव तोवर कोणाच्या ध्यानातही नसते. पण ज्या बाईने सहा महिने तुकडे जोडले, तिचे श्रम त्या टाक्यांनी राखलेले असतात.